पन्नास ठिपक्यांचे बाबा

ॲडम्सटाउनच्या स्टेशनाकडे जाताना डाव्या हाताला एक जुनं कुंपण उरलं आहे. बाकी सगळं गाव नवं, घरं एका साच्यातली. हे कुंपण मात्र आधीच्या कुणा शेतकऱ्याचं असावं. मे महिन्यात ते पांढरं होतं. हॉथॉर्नची फुलं. लांबून सुंदर दिसतात, जवळ गेलं की वास थोडा जड येतो, बंद खोलीतल्या कालच्या हारासारखा. इथले जुने आयरिश लोक ती फुलं घरात आणत नाहीत म्हणे. यंदा ती फुललेली दिसली आणि परीक्षा आल्या हे मला वेळापत्रक लागायच्या आधीच कळलं.

आमच्याकडे वाशीमला मे म्हणजे कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, दुपारची बंद दारं आणि चपलेला चिकटणारं डांबर. परीक्षा तोवर संपलेल्या असतात. इथं उलटं. बाहेर वर्षातला सगळ्यात चांगला उजेड असतो, जेवणं झाली तरी मावळत नाही, आणि आम्ही लायब्ररीत मान खाली घालून बसलेलो. हवा मुद्दाम परीक्षा बघून चांगली होते, असं इथली मुलं म्हणतात. मी हसते. पण मला त्या उजेडाची थोडी भीती वाटते. गेल्या वर्षीही तो असाच होता.

गेल्या वर्षी मी हायर डिप्लोमा करत होते, यंदा एमएससी. आमच्या घरात कॉलेजात शिकलेली मी पहिली. तसे बाबाही कॉलेजात रोज जायचे, तीस वर्षं गेले, पण ते तिथं शिपाई होते. तास संपला की घंटा द्यायचे. प्राचार्यांची सही घ्यायला रजिस्टर घेऊन फिरायचे. कार्यक्रम असला की खुर्च्या मांडायचे आणि ओळीच्या टोकाला उभं राहून, एक डोळा मिटून, ओळ सरळ आहे का ते बघायचे. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटली होती, तिला त्यांनी तांब्याची बारीक तार गुंडाळली होती. नवीन चष्मा कर म्हटलं की म्हणायचे, "दिसते ना मले? मंग?"

मला नीट सांगता येईल का माहीत नाही. सांगायचं आहे ते एका फोटोबद्दल.

गेल्या वर्षी पहिल्या पेपरला नऊ दिवस होते. स्टेशनाच्या फलाटावर उभी होते तेव्हा विलासकाकांचा फोन आला. बाबांचे धाकटे भाऊ. ते कधी मला फोन करत नाहीत.

"शुभे, बसलेली आहेस का?"

मी उभी होते, पण हो म्हणाले. बाबा सकाळी चहा पिता पिता गेले होते. समोर गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली. गाडी गेल्यावर फलाटावर मी एकटी आणि कुंपणावरून उडत आलेल्या पांढऱ्या पाकळ्या.

मग आई फोनवर आली. तिचा आवाज कोरडा होता, घर झाडून काढताना येतो तसा.

"येऊ नको वं पोरी. तू येतवरी सारं होऊन जाईन. पेपर दे. त्यायनं बी हेच म्हटलं असतं."

ज्यांच्या घरात मी खोली घेऊन राहते त्या सुजाताताई, मूळच्या नागपूरच्या, माझ्यावर चिडल्या. "अगं, परीक्षा परत देता येते. जा तू. हे परत येणार नाही." दोघींपैकी कुणाचं बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही. मी गेले नाही, एवढंच खरं.

दोन दिवसांनी आईनं मला एक काम सांगितलं. एकच.

"तेरवीले फोटो पाहिजे त्यायचा. मोठा. भिंतीवर लावाले. सारे फोटो तुह्याजवळच आहेत ना?"

"हो," मी म्हणाले. "मी करते, आई."

खरं तर मला हायसं वाटलं. एवढ्या लांबून करता येईल असं ते एकच काम होतं, आणि ते मला येत होतं. ब्लँचर्डस्टाउनला मॉरीनचं फोटो छापायचं दुकान आहे, तिथं मी दर शनिवारी काम करते. मॉरीन साठीची आहे, बोलताना कमरेवर हात ठेवते, आणि पहिल्याच दिवशी तिनं मला एक गोष्ट पाठ करून घेतली. फोटो किती मोठा होईल हे तो किती छान आलाय यावर नसतं, त्यात ठिपके किती आहेत यावर असतं. हातात धरून बघायचा फोटो असेल तर एका इंचात तीनशे ठिपके हवेत. भिंतीवरचा असेल तर दीडशे चालतात, कारण माणूस लांबून बघतो. फोनवर सगळेच फोटो छान दिसतात, कारण फोन लहान असतो. एकदा एक बाई त्यांच्या कुत्र्याचा फोटो घेऊन आल्या, मेसेजमधून आलेला, सोफ्याच्या मागच्या भिंतीएवढा हवा होता. मॉरीन त्यांना म्हणाली, "पोस्टकार्डाएवढा छान येईल, लव्ह. भिंतीवर लावलात तर बाथरूमच्या टाइल्स दिसतील, कुत्रा नाही." त्या बाई हसल्या. मीही हसले होते.

आता बाबांचे फोटो शोधायला बसले. आणि हळूहळू लक्षात आलं की बाबांचा असा फोटोच नाही.

आधार कार्डावरचा आई बघायला तयार नव्हती. नोकरीच्या कागदावरचा पंचवीस वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशीचा. व्हिडिओ कॉलचे दोन-तीन स्क्रीनशॉट होते, पण बाबा फोन असा धरायचे की अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. लग्नामुंजींच्या फोटोंत ते पंगत वाढताना, पाठमोरे. मोजकेच फोटो त्यांचा चेहरा दाखवणारे, त्यातला सगळ्यात चांगला माझ्या निकालाच्या दिवसाचा.

बीएस्सीला मी कॉलेजात पहिली आले होते. प्राचार्य म्हणाले, सगळ्यांचा एक फोटो काढू. बाबांनी खुर्च्या आणल्या, पोर्चसमोर ओळीत मांडल्या. मध्ये प्राचार्य, शेजारी मी, दोन्हीकडे सर आणि मॅडम. फोटो बाबांच्याच फोनवर काढला, नवा होता तेव्हा. प्राचार्य म्हणाले, "अहो, आज तुमचा दिवस आहे, या मध्ये." बाबा म्हणाले, "नाही सर, इथं बरं आहे," आणि ओळीच्या अगदी टोकाला, अकराव्या माणसाच्या जागी उभे राहिले. त्या दिवशी मीही म्हणायला हवं होतं, बाबा, इकडे या. मी नाही म्हणाले. सर-मॅडममध्ये बसलेली होते, उठून त्यांना ओढून आणणं मला जमलं नाही. लाज वाटली का? तेव्हा तसा विचारही आला नव्हता. आता येतो.

तरीही तो फोटो मूळचा असता तर काहीतरी झालं असतं. फोटो रुंदीला चार हजार ठिपक्यांचा निघायचा त्या फोनवर. पण माझ्याकडे होता तो सोळाशेचा. आणि याचं कारण मी होते.

इकडे यायच्या आदल्या आठवड्यात मी बाबांचा फोन साफ करून दिला होता. रोज सकाळी येणारी गुलाबांची, उगवत्या सूर्याची चित्रं भरून फोन ठप्प झाला होता आणि व्हिडिओ कॉल अडकायचा. "तू गेल्यावर याच्यातच दिसशील ना," बाबा म्हणाले होते. म्हणून मी त्यातले चांगले फोटो निवडून व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवले आणि बाकी सगळं पुसून टाकलं. मूळ फोटोसुद्धा. माझ्याकडे आलेत ना, मग तिथे कशाला? पाठवताना ते लहान होऊन येतात हे मला माहीत नव्हतं. दिसायला तर तसेच होते. बाबांनी रिकामा फोन हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "हलका झाला." मी मोठ्या अभिमानानं हसले.

सोळाशे ठिपक्यांच्या फोटोत अकरा माणसं. बाबा टोकाला, थोडे मागे. त्यांचा चेहरा किती ठिपक्यांचा आहे ते मी लायब्ररीत बसून मोजलं. समोर अभ्यासाची वही उघडी होती. कानापासून कानापर्यंत पन्नास. पुन्हा मोजले. पन्नासच. प्राचार्य कॅमेऱ्याच्या जवळ बसले होते, त्यांच्या चेहऱ्याला ऐंशी आले होते.

तरी मी तो बाबांपुरता कापून काकांना पाठवला. वाशीमच्या स्टुडिओवाल्यानं काकांच्याच फोनवरून मला कळवलं, "ताई, फोटो फाटून राहिला. दुसरा द्या." मोठा केला की चौकोन चौकोन दिसतात, त्याला आमच्याकडे फोटो फाटला म्हणतात. मला आईच्या हातची मोठी रोटी आठवली. चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायच्या आधी ती दोन्ही हातांवर ताणत नेते, कोपरापर्यंत. गोळा तेवढाच असतो. जास्त ताणला की मध्ये भोक पडतं. त्याला इलाज नाही, कणीक वाढत नसते.

पण हल्ली इलाज निघाला आहे. फोटो द्यायचा, आणि संगणक नसलेले ठिपके भरून देतो. हजारो चेहरे त्यानं आधी बघितलेले असतात, त्यावरून तो अंदाज बांधतो. मी माझ्या अभ्यासात हेच शिकत होते, त्याच पेपरला नऊ दिवस होते, आता सहा उरले होते. मी फोटो टाकला. काही सेकंदात बाबा समोर आले. केवढे स्पष्ट. एकेक पापणी मोजता येईल असे.

मी बराच वेळ बघत बसले. भुवया कोरल्यासारख्या. गाल तुकतुकीत. चष्म्याच्या दोन्ही काड्या सारख्या, तार गेली होती. मूळ फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते, खुर्च्यांच्या ओळीकडे बघत होते. आता ते सरळ माझ्याकडे बघत होते.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं. पण मला तो फोटो आवडला. सुजाताताईंच्या नऊ वर्षांच्या अन्वीनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "इज दॅट युअर डॅड? ही लुक्स लाइक अ बँक मॅनेजर." मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आठवलं की आज लाज वाटते.

फोटो पाठवला. काका म्हणाले, "झकास! काय रुबाब आहे दादाचा!" आत्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. आईला मी फोन केला.

"आई, बघितला का?"

"बघितला."

"मग?"

"चांगला हाये वं." मग ती म्हणाली, "पण हे तं कोणी साहेब हायेत."

मी म्हणाले, "अगं, तेच आहेत. फक्त स्पष्ट केलाय." मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, ती रडून थकली आहे, तिला दिसत नसेल नीट.

 काकांनी तोवर फोटो छापायला टाकला होता, दोन फुटांचा, सोनेरी चौकटीत. तेरवीच्या दिवशी माझ्या दोन पेपरांमध्ये एक मोकळा दिवस होता. मी व्हिडिओवर बघितलं. लोक येत होते, फोटोपुढं हात जोडत होते, कुणीतरी म्हणत होतं, चेहऱ्यावर किती तेज होतं. मध्येच आई दिसली. ती फोटोकडे पाठ करून बसली होती, दाराकडे तोंड. येणाऱ्यांना ती पाणी विचारत होती.

पेपर चांगले गेले. सगळ्यात चांगले मार्क त्या ठिपके भरायच्या विषयातच पडले.

इथं वारलेल्या माणसांची कार्डं मॉरीनच्या दुकानात छापायला येतात. तळहाताएवढी, एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला छोटासा फोटो. नातेवाईक ती घेतात आणि पाकिटात ठेवतात, पोथीत ठेवतात, मॉरीनच्या भाषेत प्रेसमध्ये, म्हणजे भांड्यांच्या कपाटात, कपबश्यांना टेकवून ठेवतात. आधी मला ते नवल वाटायचं. आमच्याकडे गेलेला माणूस मोठा होतो. जिवंतपणी ज्याचा एक फोटो कुणी काढलेला नसतो, त्याचाही गेल्यावर दोन फुटांचा होतो, हार घालता यावा म्हणून. आणि इथं माणूस जाऊन खिशात मावेल एवढा होतो. कुणाचं बरोबर, हा प्रश्न नाही. पण गेल्या वर्षभरात ती कार्डं कापताना माझे हात हळू चालायला लागले, हे मॉरीनच्या लक्षात आलं होतं. तिनं चहा पुढं सरकवला फक्त.

यंदाच्या एप्रिलमध्ये वर्षश्राद्धाचं बोलायला आईला फोन केला. ती भिंतीसमोर उभी राहून हार मोठा घ्यायचा की छोटा, ते बघत होती. मी सहज म्हणाले, "अजून साहेबच वाटतात का तुला?"

"नाही वं," ती म्हणाली. "आता सवय झाली. डोये मिटले तरी हेच येतात समोर. पहिलेचे कसे दिसत होते, ते आठवतच नाही मले. तुले आठवते का?"

मी डोळे मिटले. मलाही आधी तोच दिसला. कोरलेल्या भुवयांचा, माझ्याकडे सरळ बघणारा. त्याला बाजूला सारून बाबांपर्यंत पोचायला मला वेळ लागला, आणि पोचले तेव्हाही खात्री वाटेना.

इतकी भीती मला त्या फलाटावरही वाटली नव्हती. बाबा गेले ते कुणाच्या हातात नव्हतं. पण आईच्या डोळ्यांतून ते पुसून मी तिथं दुसरा माणूस आणून बसवला होता. फोन साफ करून दिला तसंच, चांगल्या हेतूनं, मोठ्या हौसेनं.

त्या शनिवारी मी मॉरीनला सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना वाक्यं तुटत होती. मी दोन्ही फोटो दाखवले. मॉरीननं मोठ्याकडे एक नजर टाकली आणि लहान फोटोवर बोट ठेवलं. "हा तो?" मी मान हलवली. ती म्हणाली, "शुब, जे फोटोत कधी आलंच नाही ते आपण घालू शकत नाही. पण जे आलंय ते आपण जपू शकतो. मोठं करू नकोस. तो जेवढा आहे तेवढा छाप."

तेवढा म्हणजे किती? आम्ही दोघींनी हिशेब केला. हातात धरायचा, पण थोडी सूट घेऊन. खांद्यासकट बाबा एक इंचाचे आले. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे. चांगल्या जाड कागदावर, चारी बाजूंनी रुंद पांढरी जागा सोडून मी ते छापले. मशीनमधून कागद बाहेर आला आणि त्या पांढऱ्या जागेच्या मध्यावर बाबा उभे होते, जरा बाजूला बघत. प्राचार्य नाहीत, मॅडम नाहीत. शेजारच्या सरांच्या बाहीचा एक कोपरा तेवढा आला होता, तो मी कापला नाही. नाक, मिशी, मान जरा पुढं काढायची सवय, सगळं होतं. स्पष्ट काहीच नव्हतं. मी तिथंच काउंटरमागं रडले. मॉरीन बाहेर जाऊन दारातल्या गिऱ्हाइकाशी पावसाबद्दल बोलत राहिली.

सुजाताताईंच्या आई सहा महिने राहून नागपूरला परत चालल्या होत्या. त्यांनी फोटो बघितला आणि स्वतःच्या पोथीच्या पानांत घालून नेला. काका नागपूरला जाऊन घेऊन आले. ते फोनवर म्हणाले, "शुभे, एवढासा काय पाठवला? लोकांना दिसन तरी का?"

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. मी पेपर देऊन बाहेर पडले होते, हॉलबाहेर मुलं गवतावर आडवी झाली होती, कुणी उत्तरं ताडून बघत होतं. आई खिडकीजवळ बसली होती. पाकीट तिनं माझ्यासमोर उघडायचं म्हणून तसंच ठेवलं होतं. तिनं जाड कागद बाहेर काढला, उलटसुलट केला. मग तिला बाबा दिसले.

"एवढाच?" ती म्हणाली.

मी ठिपक्यांचं सगळं समजावून सांगणार होते. किती होते, किती माझ्यामुळं गेले, बाकीचं कसं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांतलं होतं. मी ते कितीतरी दिवस मनात घोकत होते. पण तोंडातून एवढंच आलं.

"एवढेच आहेत, आई. आपल्याकडे एवढेच आहेत."

आईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.   बराच वेळ माझ्या फोनवर फक्त त्या कागदाची पांढरी पाठ दिसत होती, आणि ती धरणारी आईची बोटं.